शेवटचा शेरा कुणाचा?

इंट्रानेट सुरू झाले की पहिली तक्रार बहुधा माहितीबद्दल येत नाही, दिसण्याबद्दल येते. रजेचा अर्ज जागच्या जागी असतो, सुट्ट्यांची यादी असते, कँटीनचा मेनू असतो, पण साहेब पान बघतात आणि म्हणतात, "हे आपल्या कंपनीचं वाटत नाही." त्यांचे काही चुकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटची २००७ सालची आवृत्ती ज्यांनी ऑफिसात वापरली, त्यांना तो फिकट निळा पट्टा आणि डावीकडची बारीक अक्षरांतली यादी आजही आठवत असेल. कारखाना चाकणचा असो की विमा कंपनी लंडनची, पान तेच. मग आयटीतल्या कुणाला तरी फर्मान सुटते: जरा रंगबिंग बदल, आपला लोगो लाव, दोन दिवसांत होईल ना?

दोन दिवसांत होते, आणि मग दोन वर्षे निस्तरावे लागते. रंग बदलणे अवघड म्हणून नव्हे, तर त्या पानाच्या दिसण्यावर हक्क सांगणारे बरेच असतात म्हणून.

ही हक्काची भानगड स्टाइलशीटच्या, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलीच्या, जन्मापासूनची आहे. १० ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काम करणाऱ्या होकोन वियुम ली या नॉर्वेजियन तरुणाने वेबपानांच्या दिसण्याबद्दल एक प्रस्ताव मांडला. त्यात एक गमतीची कल्पना होती: टक्केवारी. मोठ्या मथळ्याचा आकार २४ पॉइंट हवा आणि त्यावर माझा आग्रह १०० टक्के. त्याखालच्या मथळ्याचा २० पॉइंट, पण आग्रह ४० टक्केच. उरलेले ६० टक्के पुढच्या स्टाइलशीटसाठी मोकळे. वाचकाने आणि त्याच्या ब्राउझरने आधी आपला वाटा घ्यायचा, उरलेला पानाच्या लेखकाकडे सोपवायचा, असा तो हिशेब होता. टक्केवारी पुढे टिकली नाही, पण तिच्यामागचा विचार टिकला: दिसणे हे एकट्याच्या मालकीचे नाही. ली आणि बर्ट बोस या डच संगणकतज्ज्ञाने मिळून ज्या नियमांना आकार दिला, ते सीएसएस या नावाने १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची अधिकृत शिफारस झाले.

टक्क्यांच्या जागी आली ती ऑफिसातल्या फाइलीसारखी व्यवस्था. क्लार्कने टिपणी लिहायची, त्यावर सेक्शनप्रमुखाचा शेरा, त्यावर साहेबांचा; मतभेद नसेल तर सगळेच शेरे राहतात, असेल तर वरच्याचा चालतो. सीएसएसमध्ये सर्वांत खाली ब्राउझरची स्वतःची पसंती असते, म्हणजे दुवा निळा, मथळा ठळक वगैरे. त्यावर वाचकाने स्वतः ठरवलेले काही असेल तर ते. त्यावर पानाच्या लेखकाचे. लेखकाचेच दोन नियम एकमेकांविरुद्ध गेले तर ज्याचा नेम जास्त अचूक तो जिंकतो, आणि दोघांचा नेम सारखाच असेल तर जो नंतर लिहिलेला तो.

'इम्पॉर्टंट' नावाचा एक खास शिक्का मारून कोणताही नियम वर ढकलता येतो. १९९६च्या नियमांत लेखक आणि वाचक दोघांनीही हा शिक्का मारला, तर लेखक जिंकत असे. १९९८ साली सीएसएसच्या दुसऱ्या पातळीत हे उलटे केले: दोघांनी शिक्का मारला तर वाचकाचे खरे. ज्याला कमी दिसते, ज्याला काळ्यावर पिवळीच अक्षरे वाचता येतात, त्याच्या डोळ्यांपुढे कंपनीच्या ब्रँडिंगचा हट्ट चालू नये, हा त्यामागचा विचार. इतका माणुसकीचा फेरबदल तांत्रिक दस्तऐवजांत क्वचित आढळतो.

आता इंट्रानेटकडे या. इथे चौथा भागीदार असतो: सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. पानाचा सांगाडा तिने बांधलेला, त्यावरची पहिली रंगसफेदीही तिचीच. पण सीएसएसच्या कायद्यात तिच्यासाठी वेगळी पायरीच नाही. ब्राउझरच्या लेखी मायक्रोसॉफ्टची स्टाइलशीटही लेखकाची आणि तुमची स्टाइलशीटही लेखकाची. तुम्ही पैसे मोजून सॉफ्टवेअर विकत घेतले आहे, हे ब्राउझरला ठाऊक नाही. म्हणजे निकाल लागणार तो फक्त दोन गोष्टींवर: नेम कुणाचा अचूक आणि पाळी कुणाची शेवटची.

हे लक्षात न घेता बहुतेक जण पहिल्या फटक्यात जे करतात ते म्हणजे विक्रेत्याच्याच फाइलीत हात घालणे. २००७च्या शेअरपॉइंटमध्ये ती फाइल होती कोअर.सीएसएस. सर्व्हरवर '१२' नावाचे फोल्डर, त्यात टेम्प्लेट, त्यात लेआउट्स, त्यात १०३३ (हा अमेरिकी इंग्रजीचा संकेतांक), त्यात स्टाइल्स, आणि तिथे ही हजारो ओळींची फाइल. नोटपॅडमध्ये उघडायची, निळ्याचा संकेतांक शोधायचा, कंपनीचा लाल टाकायचा, सेव्ह. पान ताजे केले की लाल. यश इतक्या लवकर मिळते की संशय यायला हवा.

कारण त्या सर्व्हरवर जेवढ्या साइट असतील तेवढ्या सगळ्या हीच फाइल वाचतात. एचआरसाठी केलेला लाल रंग अकाउंट्सच्या साइटवर गेला, आणि ऑडिटसाठी बाहेरच्यांना उघडून दिलेल्या साइटवरही गेला. मोठ्या कंपनीत एकाऐवजी तीन-चार सर्व्हर मिळून पाने पुरवतात. त्यांतल्या एकावर फाइल बदलायची राहिली, तर तेच पान सकाळी लाल आणि दुपारी निळे दिसते, कारण विनंती कधी या सर्व्हरकडे जाते, कधी त्या. हेल्पडेस्कवाला मात्र प्रत्येकाला "कॅशे साफ करा" हेच सांगत बसतो. आणि एक दिवस मायक्रोसॉफ्टचा सर्व्हिस पॅक चढतो, मूळ फाइलीवर नवी फाइल लिहिली जाते, आणि केलेले सगळे काम पुसले जाते. तक्रारीला जागाही नसते. ही फाइल बदलणे आम्हाला मान्य नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगूनच ठेवलेले असते.

योग्य वाट म्हणजे मूळ फाइलीला न शिवता आपली वेगळी स्टाइलशीट ठेवणे. २००७च्या प्रकाशन सोय असलेल्या साइटमध्ये मास्टर पेजच्या, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्याच्या, सेटिंगखाली पर्यायी सीएसएसचा पत्ता देण्याची एक चौकट होती. तिथे दिलेली फाइल मूळ फाइलीच्या नंतर वाचली जाई, म्हणजे बरोबरीच्या लढतीत तिची सरशी. पण ज्यांनी ही चौकट सोडून मास्टर पेजमध्ये शेअरपॉइंटच्याच नोंदणीच्या टॅगने आपली फाइल जोडली, त्यांची पंचाईत झाली. ती यंत्रणा सगळ्या नोंदलेल्या फाइली लिहून झाल्यावर शेवटी कोअर.सीएसएस लिहायची. तुमचा नियम बरोबर, फाइल पोचलेली, तरी रंग निळाच. यावर किती माणसांनी किती रात्री घालवल्या असतील कोण जाणे. २०१० च्या आवृत्तीत त्या टॅगला 'नंतर' असा गुणधर्म दिला: माझी फाइल अमुक फाइलीनंतर लाव. तीन वर्षांनी मिळालेला एवढासा शब्द, पण त्याने बऱ्याच जणांची झोप परत केली.

पाळी साधली नाही तर उरते ते नेमाचे वजन. हे एकदा हाताने करून बघावे. डावीकडच्या यादीतल्या मथळ्याची पार्श्वभूमी बदलायची आहे. मूळ फाइलीतल्या नियमाची घडण अशी आहे असे धरा: 'एमएस-क्विकलाँच' या क्लासच्या आत, टेबल या घटकावर 'एमएस-नॅवहेडर' हा क्लास, त्याच्या आतली टीडी, म्हणजे टेबलाचा कप्पा. मोजणी तीन स्तंभांत करायची: आयडी (एकाच घटकाला दिलेले नाव) किती, क्लास (घटकांच्या गटाला दिलेले नाव) किती, साधे घटक किती. इथे आयडी ०, क्लास २, घटक २. तुम्ही भाबडेपणाने लिहिले फक्त 'एमएस-नॅवहेडर': ०, १, ०. हरलात, मग तुमची फाइल शेवटी येवो की पहिली. तीच साखळी जशीच्या तशी लिहिलीत तर बरोबरी, मग पाळीवर निकाल. तिच्या आधी आपल्या साइटचा एक क्लास जोडलात तर ०, ३, २, आणि काम फत्ते. या स्तंभांत हातचा नसतो, हे विशेष: अकरा साधे घटक एकत्र आले तरी एका क्लासला हरवू शकत नाहीत. २००६ साली फायरफॉक्ससाठी फायरबग हे साधन आले आणि ही मोजदाद डोळ्यांना दिसू लागली. त्यात हरलेल्या नियमावर सरळ काट मारलेली असे. त्याआधी हा सगळा अंदाजपंचे कारभार होता.

हे गणित ज्यांना नको असते ते 'इम्पॉर्टंट'चा शिक्का मारतात. एकदा चालतो. दुसऱ्या वेळी आपल्याच पहिल्या शिक्क्यावर मात करायला दुसरा मारावा लागतो, आणि वर्षभराने त्या फाइलीत शिक्का नसलेली ओळ सापडत नाही. माझे मत विचाराल तर इंट्रानेटच्या स्टाइलशीटची तब्येत ओळखायची सर्वांत झटपट परीक्षा हीच: फाइल उघडा आणि 'इम्पॉर्टंट' किती वेळा आला ते मोजा.

नियम जिंकला तरी तो कुठवर पोचतो हा पुढचा प्रश्न. २००७मध्ये साइटची रोजची पाने एका मास्टर पेजवर चालत आणि सेटिंग, परवानग्या, फाइल चढवणे ही कामाची पाने दुसऱ्याच, सर्व्हरवर बसलेल्या मास्टर पेजवर. म्हणून मुखपृष्ठ कंपनीच्या रंगात न्हालेले आणि 'अपलोड' दाबले की पुन्हा तोच निळा. २०१० मध्ये ही दरी बुजली, पण एक नवी गोष्ट आली: अनेक फॉर्म पानावरच छोट्या चौकटीत उघडू लागले. त्या चौकटीत आत भरलेले असते एक अख्खे पान. त्यामुळे तुम्ही हौसेने बनवलेला मोठा लोगोचा पट्टा त्या इवल्या चौकटीतही डोके वर काढतो आणि रजेचा अर्ज खाली ढकलला जातो. उपाय एका क्लासचा होता: 'एसफोर-नॉटडीएलजी'. तो ज्या घटकाला दिला, तो चौकटीत दिसत नाही. माहीत असेल तर अर्ध्या मिनिटाचे काम.

ब्राउझरचा घोळ तर इंट्रानेटवर खास असे, आणि तो बाहेरच्या वेबवाल्यांना सांगूनही पटत नसे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपासून एक सेटिंग मुळातच चालू असे: इंट्रानेटवरची साइट सुसंगतता मोडमध्ये दाखवा, म्हणजे सातव्या आवृत्तीसारखे वागा. एकच फाइल, एकच ब्राउझर. पान बाहेरच्या पत्त्यावर ठेवले तर एक रूप, ऑफिसच्या आतल्या पत्त्यावर ठेवले तर दुसरे. त्यात शेअरपॉइंट २०१०च्या नेहमीच्या मास्टर पेजमध्ये एक ओळ होती: आठव्या आवृत्तीप्रमाणे दाखवा. सीएसएसने कोपरे गोल करण्याची सोय एक्स्प्लोररमध्ये नवव्या आवृत्तीत आली. त्यामुळे मशीनवर अकरावा एक्स्प्लोरर असला तरी कोपरे चौकोनीच, आणि शेजारच्याच्या क्रोममध्ये तेच पान गोल कोपऱ्यांचे. डिझायनर म्हणे माझ्याकडे बरोबर दिसते, साहेब म्हणत माझ्याकडे दिसत नाही, आणि दोघेही खरे बोलत असत.

एक सवय मात्र मुळातच मोडायला हवी: स्टाइलशीटने गोष्टी लपवण्याची. 'साइटवरचे सर्व काही पाहा' हा दुवा लोकांना नको, म्हणून त्याला अदृश्य करणारा नियम लिहिला जातो. पानात छोटा संपादकीय वेब पार्ट टाकून त्यात दोन ओळी डकवल्या की दुवा गायब. इथपर्यंत ठीक. पण मग कुणाला तरी सुचते की यादीतला पगाराचा रकानाही असाच लपवू. ब्राउझरपर्यंत तो मजकूर आलेलाच असतो. पानाचा सोर्स उघडला की ओळीने सगळे आकडे. लपवलेल्या पानाचा पत्ता टाइप केला की तेही उघडते. परवानगी नसलेल्या गोष्टी दाखवायच्याच नाहीत हे काम शेअरपॉइंट स्वतः सर्व्हरवर करतो, ते परवानग्यांच्या सेटिंगमधूनच करून घ्यावे. रंगाऱ्याला कुलूप लावायला सांगू नये.

रंगांची गोष्ट २०१०मध्ये निराळ्याच वाटेने गेली. पॉवरपॉइंटमध्ये बनवता येणारी थीमची फाइल, १२ रंग आणि दोन फॉन्ट यांची, थेट शेअरपॉइंटला देता येऊ लागली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने जी युक्ती योजली ती बघण्यासारखी आहे. सीएसएसमध्ये तिरप्या रेघा आणि ताऱ्यांच्या मध्ये लिहिलेली टिप्पणी ब्राउझर वाचत नाही, ती माणसांसाठी असते. शेअरपॉइंटने तिथेच आपल्या सूचना लिहिल्या: पुढच्या ओळीतला रंग थीममधल्या अमुक रंगाने बदल. थीम लावली की सर्व्हर या टिप्पण्या वाचून नवी फाइल तयार करी. बाहेरून आलेला एखादा टापटिपीचा डिझायनर फाइल हलकी करायला म्हणून टिप्पण्या काढून टाकी आणि थीम बंद पडे. बिचाऱ्याने नियमाने केलेले असे.

कंपनीचा रंग जसाच्या तसा अक्षरांना लावण्याबद्दलही दोन शब्द. वाचनसुलभतेची वेबसाठीची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २००८मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आली. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजेडाचा फरक हवा असे त्यांत म्हटले आहे. पांढऱ्यावर शुद्ध लाल ४च्या आसपास येतो, म्हणजे थोडक्यात नापास. पिवळा तर १च्या किंचित वर, म्हणजे दिसतच नाही. लोगो पिवळा असेल तर पट्टा पिवळा करावा आणि त्यावर काळी अक्षरे द्यावीत.

मराठी मजकुराचे इंट्रानेट असेल तर आणखी एक गोष्ट. शेअरपॉइंट २००७च्या स्टाइलशीटमध्ये ठिकठिकाणी टाहोमा फॉन्ट आणि आठ पॉइंटचा आकार ठोकलेला होता. टाहोमात देवनागरी नाही. म्हणून विंडोज मराठी अक्षरांसाठी मंगल हा फॉन्ट घ्यायचे, पण आकार तोच आठ. इंग्रजी वाचता यायचे, मराठीत जोडाक्षरांचे डाग पडायचे. ओळीची उंची पिक्सेलांत बांधली असेल तर त्याहून वाईट: खालचे उकार कापले जातात. 'अर्जाची मुदत'मधला उकार गेला की राहते 'अर्जाची मदत', आणि हे स्पेलचेकलाही कळत नाही. इंग्रजी मथळ्यांत शोभून दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवणारा नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते. उपाय सोपे आहेत: मराठीसाठी उंची पिक्सेलांत न देता अक्षराच्या आकाराच्या पटीत द्यावी, आकार एक-दोन पॉइंटने मोठा घ्यावा, अक्षरांतर शून्य ठेवावे. पानाच्या त्या भागाची भाषा मराठी आहे अशी एचटीएमएलमध्ये नोंद केली, तर काही फॉन्ट हिंदी वळणाच्या ल आणि श ऐवजी मराठी वळणाचे देतात.

युनिकोड रुळण्याआधी तर मराठी ऑफिसांत याहून पेचाची स्थिती होती. शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची जुळणी असे; त्याला मराठी रूप द्यायचा तो फॉन्ट. अशा पानावर स्टाइलशीटने फॉन्ट बदलला की परिपत्रकाच्या जागी कंस, टक्के आणि उलटसुलट स्वल्पविराम. मजकूर वेगळा आणि त्याचे रूप वेगळे, या तत्त्वावर सीएसएस उभे. इथे रूप काढले तर मजकूरच उरत नव्हता.

२०१७च्या आसपास शेअरपॉइंटची पाने नव्या बांधणीची झाली आणि मायक्रोसॉफ्टने ही दारे जवळपास बंद केली. आता थीममध्ये ठरावीक नावांच्या जागा असतात, त्यांत रंग भरायचे. मनाची स्टाइलशीट जोडायची अधिकृत चौकट राहिली नाही. प्रोग्राम लिहून आडवाटेने ती घुसवता येते, पण पानाच्या सांगाड्यावर विसंबू नका, तो केव्हाही बदलेल, असा इशारा मायक्रोसॉफ्टने देऊन ठेवला आहे. क्लासच्या नावांनाही आता यंत्राने जोडलेली शेपटे असतात आणि ती पुढच्या बदलात टिकतीलच असे नाही.

कंपन्यांच्या तळघरातल्या सर्व्हरवर मात्र जुनी पाने अजून चालू आहेत. २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टच्या आधाराची मुदत १४ जुलै २०२६ पर्यंतची. नव्या पानांवर जायचे तर जुनी स्टाइलशीट बरोबर नेता येत नाही, तेव्हा ती उघडून ओळ न ओळ वेगळी करावी लागते. रंगाच्या ओळी थीममध्ये जातात, ते तासाभराचे काम. मांडणीच्या ओळी पानाच्या विभागांतून पुन्हा बांधाव्या लागतात. लपवाछपवीच्या ओळी परवानग्या बघणाऱ्याकडे पाठवायच्या, आणि त्या पाठवताना आत नेमके काय लपवलेले होते ते आधी आपण बघून घ्यायचे. मागे राहतात त्या बहुतेक देवनागरीसाठी लिहिलेल्या ओळी, फॉन्टच्या आणि उंचीच्या; त्यांच्यासाठी नव्या व्यवस्थेत काय सोय आहे, हे कंत्राटावर सही करण्याआधी विचारलेले बरे.